भोवळीची वंशावळ

सप्टेंबर १८११ मध्ये आंरी बेल नावाचा अठ्ठावीस वर्षांचा एक फ्रेंच अधिकारी फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये शिरला, तेव्हा त्याच्या पायांत नवे कोरे बूट होते आणि ते चावत होते. प्रवासाने पाय सुजलेले, अंग आंबून गेलेलं. अशा पायांनी साक्षात देव सगळ्या वैभवानिशी पुढे उभा राहिला तरी त्याचं कौतुक करवायचं नाही, अशा अर्थाचं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. लगेच पुढे असंही लिहिलं आहे की एका चित्रासमोर मात्र आपण पाय विसरलो. येशू ख्रिस्त पाताळात उतरून तिथे अडकलेल्या पुण्यात्म्यांची सुटका करतो, असा त्या चित्राचा विषय. ते ग्वेर्चिनोने काढलं आहे असं बेलला कुणीतरी सांगितलं. बेलने त्या ग्वेर्चिनोवर मनापासून जीव ओवाळून टाकला. दोन तासांनी कळलं की चित्र ग्वेर्चिनोचं नाहीच, ब्रॉन्झिनो नावाच्या कुणाचं तरी आहे. हे नाव बेलने तोवर ऐकलंही नव्हतं. तो भयंकर वैतागला.

फ्लॉरेन्स पाहून माणसाला भोवळ येते या समजुतीचा माग काढत मागे गेलं की आपण या बुटांपाशी येऊन थांबतो. गंमत म्हणजे ती समजूत ज्या हकिकतीवर उभी आहे तिच्यात बुटांचा उल्लेख नाही. रोजनिशी खासगी होती. ती छापली गेली १८८८ मध्ये, बेल वारल्यावर शेहेचाळीस वर्षांनी. तोवर लोकांच्या मनात ठसली होती ती वेगळी हकिकत, आणि तीही त्याच माणसाने लिहिलेली. १८१७ मध्ये त्याने ‘रोम, नेपल्स आणि फ्लॉरेन्स’ हे प्रवासवर्णन छापलं आणि त्यावर पहिल्यांदा ‘स्तांदाल’ हे टोपणनाव घातलं. १८२६ मध्ये याच पुस्तकाची भरपूर वाढवलेली, जवळजवळ नव्याने लिहिलेली आवृत्ती आली. २२ जानेवारी १८१७ अशी तारीख घातलेली फ्लॉरेन्सची नोंद आज जगभर सांगितली जाते. त्या तारखेवर फार विसंबू नये. स्तांदालच्या प्रवासवर्णनांतल्या तारखा आणि त्याचा प्रत्यक्ष प्रवास यांचा मेळ अनेक ठिकाणी बसत नाही.

पुस्तकातला प्रवासी अपेनाइन्सचे डोंगर उतरत असतानाच धडधडत्या काळजाने येतो. दुरून ब्रुनेलेस्कीचा घुमट दिसतो आणि दान्ते, मायकेलअँजेलो, लिओनार्दो ही नावं त्याच्या डोक्यात गर्दी करतात. शहरात शिरल्यावर तो थेट सान्ता क्रोचे गाठतो. दारातून आत येताच उजव्या हाताला मायकेलअँजेलोची समाधी. पुढे नाटककार आल्फिएरीची. ती कानोव्हाने १८१० मध्ये घडवलेली, म्हणजे तेव्हा अगदी ताजी. मग मॅकियाव्हेली. मायकेलअँजेलोच्या समोर गॅलिलिओ. या दोघांच्या समाध्याही काही फार जुन्या नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. मॅकियाव्हेली १५२७ मध्ये गेला, त्याचं स्मारक झालं १७८७ मध्ये. गॅलिलिओ १६४२ मध्ये गेला, पण चर्चने दोषी ठरवलेल्या माणसाला मुख्य दालनात जागा कशी द्यायची या घोळात १७३७ साल उजाडलं. थोरांची स्मशानभूमी म्हणून सान्ता क्रोचेचा जो दबदबा आहे तो मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकाने घडवला, आणि स्तांदाल त्या घडवणुकीच्या ऐन मध्यावर तिथे पोचला.

समाध्या पाहून भारावलेल्या प्रवाशाला एक साधू चर्चच्या कोपऱ्यातलं निक्कोलिनी कुटुंबाचं छोटं प्रार्थनागृह उघडून देतो. तिथे वोल्तेर्रानोने सतराव्या शतकात घुमटाखाली रंगवलेल्या चार सिबिल म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया आहेत. प्रवासी गुडघे टेकायच्या चौरंगाच्या पायरीवर बसतो, डोकं मागे त्या चौरंगावर टाकतो आणि वर बघत राहतो. पुष्कळ वेळ. तिथून बाहेर पडताना त्याचं हृदय धडधडायला लागतं, अंगातलं त्राण निघून जातं आणि आपण पडू अशा धास्तीने तो पावलं टाकतो. बर्लिनमध्ये अशा अवस्थेला नसांचं दुखणं म्हणतात, एवढी टीपही तो जाता जाता देतो. मग चौकातल्या बाकावर बसून खिशातून फोस्कोलोची कविता काढतो आणि वाचतो. १८०७ मध्ये आलेली ‘समाध्या’ ही ती कविता. तिचा विषय काय, तर हेच सान्ता क्रोचे, याच समाध्या.

म्हणजे माणूस चर्च पाहायला निघाला तेव्हा चर्च पाहून काय वाटायला हवं ते सांगणारी कविता त्याच्या खिशात तयार होती. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. प्रवासात सगळेच असं करतात, फक्त कागद खिशात असतोच असं नाही. पण रोजनिशी आणि पुस्तक शेजारी-शेजारी ठेवून वाचलं की संपादकाची कात्री कुठे कुठे चालली ते स्वच्छ दिसतं. बूट गेले. सुजलेले पाय गेले. ग्वेर्चिनो की ब्रॉन्झिनो हा फजितीचा प्रसंग गेला, आणि त्याच्याबरोबर ते चित्रही गेलं. उरल्या सिबिल, उरलं काळीज. डोंगरातून गाडीने खडखडत आलेला, थकलेला माणूस मान मागे टाकून छताकडे टक लावून बसला आणि एकदम उठला तर त्याला गरगरेल की नाही, हे सांगायला सौंदर्यशास्त्र लागत नाही. पुस्तकाने शरीराची हकिकत काढून टाकली आणि लक्षणं तेवढी ठेवली. पुढच्या दोनशे वर्षांचा घोळ इथून सुरू होतो.

आज फ्लॉरेन्सवरच्या कुठल्याही लेखात स्तांदालची गोष्ट हमखास येते, आणि बहुतेक ठिकाणी असं सांगितलं जातं की सान्ता क्रोचेमधली जोत्तोची भित्तिचित्रं पाहून त्याचं भान हरपलं. कानाला हे बरोबर वाटतं. जोत्तो म्हणजे इटालियन चित्रकलेचा आदिपुरुष, आणि सान्ता क्रोचेमधली बार्दी आणि पेरुत्सी घराण्यांची प्रार्थनागृहं म्हणजे त्याचं मोठं काम. अडचण एवढीच की स्तांदालच्या वेळी ती चित्रं चुन्याखाली होती. अठराव्या शतकात कुणाला तरी जुनाट वाटली म्हणून भिंतींवर पांढरा हात फिरवला गेला. चुना खरवडण्याचं मोठं काम झालं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, आणि स्तांदाल १८४२ मध्येच वारला होता. शिवाय ज्यांनी खरवडलं त्यांनी उडालेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरून काढल्या. सुमारे शंभर वर्षं लोक जोत्तो म्हणून गाएतानो बिआंकी नावाच्या जीर्णोद्धारकाचा बराचसा हात बघत होते. १९५० च्या दशकाअखेरीस ती भर काढून टाकण्यात आली. आता तिथे मधूनमधून कोरे पॅच दिसतात.

मग स्तांदालच्या भोवळीत जोत्तो घुसला कुठून? अभिरुची बदलली म्हणून घुसला. वोल्तेर्रानोचं नाव आज कलेचे विद्यार्थीही चटकन सांगणार नाहीत. एवढी प्रसिद्ध भोवळ अशा दुय्यम चित्रकाराच्या नावावर ठेवणं पुढच्या पिढ्यांना प्रशस्त वाटलं नसावं, तेव्हा त्यांनी तिची नोंद जोत्तोच्या खात्यावर फिरवली. रोजनिशीत ब्रॉन्झिनो, पुस्तकात वोल्तेर्रानो, सांगोवांगी जोत्तो. भोवळ एकच, चित्र तिसरं.

(चर्चबाहेरच्या दृश्याचंही तेच. पांढऱ्या, हिरव्या संगमरवराचं जे दर्शनी तोंड आज फोटोत येतं ते १८६३ मध्ये पुरं झालं. ते आखलं निक्कोलो मातास या ज्यू वास्तुकाराने. कळसाशी मोठा षट्कोनी तारा दिसतो तो त्याचाच. पैसा बराचसा फ्रान्सिस स्लोन या इंग्रजाचा. स्तांदाल ज्या दारातून लटपटत बाहेर आला तिथे नुसती ओबडधोबड भिंत होती.)

या भोवळीला पूर्वजही आहेत. अठराव्या शतकात युरोपभरचे, विशेषतः इंग्लंडचे श्रीमंत तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटली पालथी घालायचे. फ्लॉरेन्समध्ये त्यांचं दैवत ठरलेलं होतं: उफिझी संग्रहालयातल्या ‘त्रिबूना’ या अष्टकोनी दालनातली मेदिची घराण्याची व्हीनस. प्राचीन संगमरवरी मूर्ती, अंगावर वस्त्र नाही, दोन्ही हातांनी लाज झाकू पाहणारी. हिच्यापुढे उभं राहून हरखून जाणं हा कार्यक्रमच होता. योहान झोफानीने १७७० च्या दशकात इंग्लंडच्या राणीसाठी रंगवलेल्या त्रिबूनाच्या चित्रात हे तरुण घोळके करून मूर्तींना आणि चित्रांना जवळजवळ नाक लावून उभे आहेत. तिथे गुंगावलेलं कुणी नाही. सगळे पारखी नजरेने माल तपासताहेत असं वाटतं.

या आरतीत टाळ चुकवणारा एक निघाला. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार, पेशाने डॉक्टर आणि स्वभावाने तिरसट. १७६६ च्या प्रवासवर्णनात त्याने लिहिलं की व्हीनसच्या चेहऱ्यात मला काही सौंदर्य दिसलं नाही आणि तिची उभं राहण्याची ढबही अवघडलेली आहे. पाठीमागून मात्र ती चांगली दिसते, एवढी सवलत त्याने दिली. केवढा गहजब झाला! दोनच वर्षांनी लॉरेन्स स्टर्नने ‘भावुक प्रवास’ लिहिताना स्मॉलेटला ‘स्मेलफंगस’ असं नाव ठेवून त्याची टर उडवली, आणि व्हीनसला याने कशी वागणूक दिली म्हणून खास चिमटा काढला. माझ्या मते वंशावळीतला हा महत्त्वाचा टप्पा. तोवर मूर्ती चांगली की वाईट याची चर्चा होती. स्टर्नने प्रश्नच फिरवला: मूर्ती राहू द्या, तुम्हाला काय वाटलं ते सांगा, आणि काहीच वाटलं नसेल तर दोष तुमच्यात आहे. इथून पुढे प्रवाशावर काहीतरी वाटून घेण्याची जबाबदारी आली.

बेल १८११ मध्ये फ्लॉरेन्सला आला तेव्हा ही व्हीनस जागेवर नव्हती. नेपोलियनच्या माणसांनी ती पॅरिसला नेली होती, आणि बेल त्याच साम्राज्याचा नोकर. ती परत आली नेपोलियनच्या पाडावानंतर. एप्रिल १८१७ मध्ये लॉर्ड बायरन एका दिवसासाठी शहरात उतरला, संग्रहालयं पाहिली आणि आपण सौंदर्याची दारू प्यायल्यासारखे बाहेर पडलो असं त्याने पत्रातून कळवलं. पुढच्या वर्षी छापलेल्या कवितेतही ती झिंग उतरली. स्तांदालच्या पुस्तकावर तारीख आहे त्याच वर्षी हे घडलं. त्यामुळे स्तांदालची भोवळ फार अनोखी होती असं मानायचं कारण नाही. १८१७ मध्ये, लढाया संपून रस्ते नुकते मोकळे झाले असताना, फ्लॉरेन्समध्ये धुंद होणं ही चालू फॅशन होती.

एक गोष्ट त्या वेळच्या कुणाच्याच लेखनात सापडत नाही: बोत्तिचेल्लीची शिंपल्यावर उभी असलेली व्हीनस. आज उफिझीत सगळ्यात जास्त गर्दी तिच्यासमोर असते. ती त्या संग्रहालयात आलीच मुळी १८१५ मध्ये, आणि पुढची काही दशकं तिच्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं. इंग्रज लेखकांनी, रस्किन आणि वॉल्टर पेटर यांनी, १८७० च्या आसपास तिच्या चित्रकाराला वर काढलं. त्याआधी तिच्यासमोरून हजारो हळवी माणसं गेली असतील, आणि एकाचाही तोल गेल्याची नोंद नाही.

सगळ्यांनाच धुंदी चढत होती असंही नाही. मार्क ट्वेन १८६७ च्या जहाजी सहलीतून इथे आला तेव्हा संग्रहालयांनी त्याला कंटाळा आणला, आणि अर्नोचं कोरडं पात्र पाहून याच्यात थोडं पाणी सोडलं तर ही नदी म्हणून खपून जाईल असा शेरा त्याने मारला. त्याच्या पुढच्याच वर्षी दोस्तोयेव्हस्की बायकोबरोबर फ्लॉरेन्सला येऊन राहिला आणि पित्ती राजवाड्यासमोरच्या घरात त्याने ‘इडियट’ पुरी केली. त्याआधी बाझेलला होल्बाइनचा मृत ख्रिस्त पाहून त्याचा चेहरा असा पालटला होता की बायकोला आता याला फेपरं येणार असं वाटलं. मानसशास्त्राला हवी होती ती खरीखुरी भोवळ याच्याजवळ होती. पण फ्लॉरेन्समध्ये तो रोज व्हिस्स्यो वाचनालयात जाऊन रशियन वर्तमानपत्रं वाचत बसायचा.

रस्किनने १८७५ पासून ‘फ्लॉरेन्समधल्या सकाळी’ ही छोटी पुस्तकमाला काढली. पहिली सकाळ अर्थातच सान्ता क्रोचेची. रस्किन वाचकाला हाताला धरून नेतो म्हणणं कमी होईल. तो बकोटीला धरून नेतो. मायकेलअँजेलोची समाधी वगैरे सोडा, इकडे या, जमिनीत बसवलेली ही झिजलेली फरशी बघा, तिच्यावर कोरलेल्या म्हाताऱ्याच्या टोपीची आणि वस्त्राची रेषा बघा. तिच्यातलं सौंदर्य तुम्हाला दिसलं तर पुढे चला. दिसलं नाही तर तुमच्यासाठी इथे फारसं काही नाही. स्टर्नने सुरू केलेल्या परीक्षेचा हा छापील पेपर.

त्या परीक्षेला बसलेली सगळ्यात प्रसिद्ध मुलगी काल्पनिक आहे. ई. एम. फॉर्स्टरच्या १९०८ च्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या कादंबरीतली लूसी सान्ता क्रोचेमध्ये पोचते, पण तिचं बेडेकर, म्हणजे त्या काळचं लाल बांधणीचं मार्गदर्शक पुस्तक, दुसऱ्याच बाई घेऊन गेलेल्या. पुस्तक नाही म्हटल्यावर चर्च तिला गोदामासारखं आणि थंडगार वाटतं. एवढ्या फरशांमध्ये रस्किनने वाखाणलेली फरशी कोणती हे सांगायलाही कुणी नाही. पुढे ती चक्कर येऊन पडतेही. पण कुठे, तर सिन्योरिया चौकात, दोन इटालियन माणसांच्या उसन्या पैशांवरून झालेल्या भांडणात एकाचा डोळ्यांदेखत खून होतो म्हणून. तिच्या हातात तेव्हा नुकत्याच विकत घेतलेल्या फोटोंचा गठ्ठा असतो, आणि त्यात बोत्तिचेल्लीची व्हीनस असते. कलेच्या हातात हात घालून भोवळ येते खरी, पण येते ती रक्त पाहून. फॉर्स्टरने हे स्तांदालला उत्तर म्हणून लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. तरी फ्लॉरेन्समध्ये माणूस पडला तर कशाने पडतो, याबद्दलचं इतकं मिश्कील आणि धडधाकट विधान मला दुसरीकडे आढळलं नाही.

फॉर्स्टरचं नाव निघालं म्हणून थोडं आडवळण. हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी कारभारी म्हणून मध्य भारतात राहिला होता. तुकोजीराव म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. आणि कोल्हापूरच्या गादीचं फ्लॉरेन्सशी नातं फॉर्स्टरच्या कितीतरी आधीचं. शाहूंच्या आधी त्या गादीवर असलेले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. युरोपात तेव्हा दहनाची सोय नव्हती. मिलानमधलं पहिलं आधुनिक दहन व्हायला अजून पाच वर्षं होती. खास परवानगी काढून, संगमावर अग्नी द्यायचा म्हणून कशीने उद्यानाच्या टोकाला अर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात ती जागा निवडली गेली. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आत फेटा बांधलेल्या तरुण राजाचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच हातचा. फ्लॉरेन्सचे लोक त्या सगळ्या भागाला ‘इंदियानो’ म्हणतात, आणि १९७० च्या दशकात तिथे बांधलेल्या पुलालाही तेच नाव पडलं. महाराजांची रोजनिशी त्यांच्याबरोबरचे कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये छापली. या शहरात प्रवासी शरीराने खरोखर कोसळतो तेव्हा त्याचं कारण कसं साधं, वैद्यकीय आणि दुःखद असतं, याची ही एक नोंद. तिला कुठल्या चित्राचं नाव जोडता येत नाही.

आता शेवटचा मोठा टप्पा, दवाखान्याचा. फ्लॉरेन्सच्या मध्यवस्तीत सान्ता मारिया नुओव्हा हे रुग्णालय आहे. १२८८ मध्ये ते सुरू केलं फोल्को पोर्तिनारीने. दान्तेच्या बिआत्रिचेचे हे वडील. सातशे वर्षं ते चालू आहे. तिथल्या मानसोपचार विभागात ग्रात्सिएल्ला मागेरीनी या डॉक्टरांच्या लक्षात आलं की परदेशी पर्यटक अचानक बिथरून आणले जातात. कुणाला छातीत धडधड, कुणाला आपण कोण याचा विसर, कुणाला भास, कुणाला कमालीची भीती किंवा उन्माद. १९७० च्या दशकाअखेरीपासून सुमारे दहा वर्षांत अशा शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्या अवस्थेला ‘स्तांदाल सिंड्रोम’ नाव दिलं.

मागेरीनींची निरीक्षणं त्यांच्या नावाच्या निवडीपेक्षा जास्त सावध आहेत, असं मला वाटतं. त्यांच्या रुग्णांत इटालियन जवळपास नव्हते. लहानपणापासून हे सगळं बघत आलेल्यांना त्याचं अप्रूप नसतं. जपानी पर्यटक शहरात झुंडीने येत, पण त्यांच्यातलाही कुणी दवाखान्यात आला नाही. ते गटाने येतात, ठरल्या वेळी बसमध्ये बसतात आणि निघून जातात, म्हणून ते वाचतात, असा तर्क त्यांनी केला. आजारी पडणाऱ्यांत भरणा होता तो एकट्याने फिरणाऱ्यांचा. निम्म्याहून अधिकांना आधीही मानसिक त्रास होऊन गेलेला. घरापासून लांब, परकी भाषा, अपुरी झोप, दिवसभर चालणं, आणि या सगळ्यावर अपेक्षांचं ओझं. चित्र हे त्यातलं शेवटचं कारण असेल. पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा रोजनिशीतला बूट चावणारा बेल मागे राहिला आणि पुस्तकातला स्तांदाल पुढे आला. ‘प्रवासाचा शीण’ असं नाव दिलं असतं तर वर्तमानपत्रांनी दोन ओळींची बातमीही केली नसती. मानसोपचाराच्या अधिकृत यादीत या विकाराला आजवर स्वतंत्र जागा मिळालेली नाही. पर्यटनाच्या जगात मात्र ती कधीच मिळाली.

याच सुमारास पॅरिसमध्ये हिरोआकी ओता हे जपानी मानसोपचारतज्ज्ञ ‘पॅरिस सिंड्रोम’बद्दल बोलू लागले. तिथे जपानी पर्यटक आजारी पडत, ते शहर चित्रातल्यासारखं नाही हे पाहून. फ्लॉरेन्समध्ये अपेक्षा पुऱ्या झाल्या म्हणून माणूस पडतो आणि पॅरिसमध्ये भंगल्या म्हणून. दोन्हीकडे माणूस पडतो, एवढं मात्र खरं.

सान्ता क्रोचेने त्याआधी काही वर्षं खराखुरा आघात पाहिला होता. ४ नोव्हेंबर १९६६ ला अर्नो शहरात घुसली. चर्चचा भाग सखल, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त तिथेच चढलं, त्यात तळघरांतून फुटलेल्या टाक्यांचं तेल मिसळलेलं. चिमाबुएच्या तेराव्या शतकातल्या क्रूसावरचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. बेलला पाय विसरायला लावणारं ब्रॉन्झिनोचं पाताळही बुडालं, आणि ते धड व्हायला दशकं लागली. गावोगावचे, देशोदेशींचे तरुण चिखल उपसायला धावून आले. त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी ही चित्रं हातांवरून हातांवर बाहेर काढली. शहराशी इतकी सलगी फार थोड्या पाहुण्यांच्या वाट्याला आली असेल.

मग सिनेमा आला. दारिओ अर्जेन्तोने १९९६ मध्ये ‘स्तांदाल सिंड्रोम’ याच नावाचा भयपट काढला. सुरुवातीलाच नायिका उफिझीत एका चित्रासमोर चक्कर येऊन पडते. चित्र कोणतं? ब्रॉयगेलचं, इकारस समुद्रात पडतो ते. हे चित्र उफिझीत नाही, ब्रसेल्सला आहे. आणि ते खरोखर ब्रॉयगेलच्या हातचं आहे की त्याच्या चित्राची जुनी नक्कल, यावरही जाणकारांत वाद आहे. ग्वेर्चिनो समजून ब्रॉन्झिनोवर फिदा झालेल्या बेलला हे ऐकून फार बरं वाटलं असतं.

आपल्याकडच्या मंडळींचं काय? मराठी प्रवासी फ्लॉरेन्सला जातो तो बहुधा ग्रुप टूरने, रोम आणि व्हेनिसच्या मधल्या दिवशी. आधी टेकडीवरच्या पियात्साले मिकेलान्जेलोवरून शहराचा फोटो, मग घुमटाभोवती एक फेरी, सिन्योरिया चौकातल्या डेव्हिडच्या नकलेसमोर दुसरा फोटो. मूळ डेव्हिड १८७३ पासून अकादमीच्या इमारतीत आहे आणि तिथे रांग असते. दुपारी जेवायला भारतीय हॉटेल, संध्याकाळी बस. मागेरीनींच्या हिशेबाने याहून उत्तम प्रतिबंधक उपाय नाही. टूर मॅनेजर दर अर्ध्या तासाला डोकी मोजत असताना कुणाचं भान हरपणार? सान्ता क्रोचेच्या आत तिकीट काढून जाणारे थोडे. पण त्या चौकापर्यंत बरेच ग्रुप येतात, कारण आसपास चामड्याच्या वस्तूंची दुकानं आहेत. खुद्द मठाच्या आवारातही दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना कसब मिळावं म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी सुरू केलेली चामड्याची शाळा आहे, आणि तिथेही माल विकत मिळतो. चौकात मोकळा वेळ तासाभराचा दिला जातो, आणि जाऊन आलेले सांगतात की पर्सचे भाव करताना तो पुरत नाही.